नुकसान भरून यावे, नफा होऊ नये : सर्वसाधारण विम्याची मूलतत्त्वे, परीक्षार्थींसाठी

विमा एजंटाच्या परीक्षेसाठी नेमलेल्या आयसी-३८ या अभ्यासक्रमातील सर्वसाधारण विम्याचा भाग वाचताना बहुतेक उमेदवार सहा तत्त्वांच्या सहा व्याख्या पाठ करतात आणि तिथेच अडकतात. प्रश्नपत्रिकेत नुसती व्याख्या क्वचितच विचारली जाते. तिथे एखादी छोटी हकिगत दिलेली असते. कुणाची वखार जळालेली असते, कुणी गाडी विकलेली असते, कुणी एकाच मालाचा दोन ठिकाणी विमा उतरवलेला असतो. खाली चार पर्याय असतात आणि त्यांपैकी दोन तरी वाचताक्षणी सारखेच वाटतात. अशा वेळी व्याख्या आठवून उपयोग होत नाही, कोणते तत्त्व कशासाठी आहे हे माहीत असावे लागते.

माझ्या मते हा गुंता सोडवण्याची वाट एकच आहे. या सहांमध्ये मूळ तत्त्व नुकसानभरपाईचे आहे: विमाधारक नुकसानीच्या आदल्या क्षणी ज्या आर्थिक स्थितीत होता त्याच स्थितीत त्याला परत आणून ठेवावे, त्याहून वर नेऊ नये. विमायोग्य हितसंबंध (विमा उतरवलेल्या वस्तूशी कायद्याने मान्य नाते), सब्रोगेशन (भरपाई दिल्यावर दोषी व्यक्तीकडून वसुलीचा हक्क विमा कंपनीकडे जाणे) आणि कॉन्ट्रिब्युशन (एकाच नुकसानीचा भार दोन विमा कंपन्यांनी वाटून घेणे) ही तीन तत्त्वे या मूळ तत्त्वाच्या राखणीला उभी आहेत. तिन्ही वेगवेगळ्या दारांनी येणारा नफा अडवतात. परम सद्भाव आणि निकटतम कारण या दोन तत्त्वांचे काम निराळे आहे. पहिले करार होण्याआधी दोन्ही पक्षांना बांधून घेते आणि दुसरे नुकसान झाल्यानंतर ते पॉलिसीत बसते की नाही हे ठरवते. एवढी विभागणी मनात पक्की असली की पर्याय वेगळे दिसू लागतात.

उदाहरणे सांगलीचीच घेऊ. ज्या गावात हळदीची आणि बेदाण्याची कोट्यवधींची उलाढाल नदीपासून फार लांब नसलेल्या पेठांमध्ये होते, तिथे विम्याचे धडे शोधायला पुस्तकाबाहेर दूर जावे लागत नाही.

जोखीम कोणती, तिचे कारण कोणते

हळदीचा भाव पडला आणि व्यापाऱ्याचे नुकसान झाले, तर त्याचा विमा मिळत नाही. तीच हळद पुरात भिजली, तर मिळू शकतो. भावाच्या जोखमीत नफ्याचीही शक्यता असते, म्हणून ती सट्ट्याची जोखीम. पुराच्या जोखमीत नुकसान तरी होते किंवा काहीच होत नाही, फायदा कधीच होत नाही, म्हणून ती शुद्ध जोखीम. सर्वसाधारण विमा फक्त शुद्ध जोखमीचा उतरवला जातो.

दुसरा नेहमीचा प्रश्न पेरिल आणि हॅझर्ड यांच्यातील फरकाचा असतो. ज्या घटनेमुळे थेट नुकसान होते ती पेरिल. आग, पूर, भूकंप ही पेरिल आहेत. त्या घटनेची शक्यता किंवा तिच्यातून होणारे नुकसान वाढवणारी परिस्थिती म्हणजे हॅझर्ड. हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीखाली खोदलेली पेवे प्रसिद्ध होती आणि २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले. तिथे पूर हे पेरिल होते आणि नदीकाठची भूमिगत साठवण हे भौतिक हॅझर्ड. मालकाचा हलगर्जीपणा किंवा अप्रामाणिकपणा हे नैतिक हॅझर्ड. विमा कंपनी त्याला सर्वांत जास्त घाबरते, कारण सखल जागेसाठी हप्ता वाढवता येतो पण लबाडीसाठी दर लावता येत नाही.

हप्त्याचे गणित मोठ्या संख्येच्या नियमावर चालते. हजारो घरांपैकी कोणते जळेल हे सांगता येत नाही, पण साधारण किती जळतील याचा अंदाज बांधता येतो. मात्र हा नियम लागू पडण्यासाठी एकाचे नुकसान दुसऱ्याच्या नुकसानीपासून अलग असावे लागते. आगीच्या बाबतीत ते बहुधा असते, पुराच्या बाबतीत नसते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा पेठेतील एक दुकान बुडाले आणि शेजारचे वाचले असे झाले नाही. सगळी एकदमच पाण्याखाली गेली. अशा एकवटलेल्या जोखमीसाठीच विमा कंपन्या स्वतःचा विमा पुढे उतरवतात, त्याला पुनर्विमा म्हणतात. जीआयसी री ही भारताची राष्ट्रीय पुनर्विमा कंपनी आहे.

नुकसानभरपाई आणि सरासरीचे कलम

समजा, वखारभागातील एका व्यापाऱ्याच्या गोदामात नुकसानीच्या दिवशी ८० लाख रुपयांची हळद होती आणि त्याने विमा ६० लाखांचाच उतरवला होता. पाणी आत आले आणि थप्पीतील खालची पोती भिजली. भिजलेल्या मालाची जी काही किंमत आली ती, म्हणजे साल्व्हेज, वजा करून निव्वळ नुकसान २० लाख ठरले. पॉलिसी ६० लाखांची आहे आणि नुकसान त्याच्या एक तृतीयांश आहे, तेव्हा पूर्ण २० लाख मिळायला हवेत असे व्यापाऱ्याला वाटते, आणि खरे सांगायचे तर बऱ्याच परीक्षार्थींनाही वाटते.

मिळतात १५ लाख. व्यापाऱ्याने ८० लाखांच्या मालापैकी ६० लाखांच्याच मालाचा हप्ता भरला होता. उरलेल्या पावभागासाठी तो स्वतःच स्वतःची विमा कंपनी होता, म्हणून प्रत्येक नुकसानीचा पावभाग त्यानेच सोसायचा. ६० ला ८० ने भागून २० ने गुणले की १५ येतात. हेच सरासरीचे कलम. कुठली पोती विमा उतरवलेली आणि कुठली न उतरवलेली असा वाद घालता येत नाही, कारण विमा साऱ्या थप्पीवर सारखाच पसरलेला असतो. पॉलिसीत एक्सेस असेल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम ठरलेली असेल, तर ती या हिशेबानंतर वजा होते. आधी साल्व्हेज, मग सरासरी, शेवटी एक्सेस हा क्रम लक्षात ठेवावा. गणित सोपे असूनही या क्रमापायीच उत्तर चुकते.

१ एप्रिल २०२१ पासून या नियमाला महत्त्वाचे अपवाद आले. पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत भारत लघू उद्यम सुरक्षा या प्रमाणित पॉलिसी सुरू झाल्या. त्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा दुर्लक्षिला जातो. वरच्या व्यापाऱ्याने अशी पॉलिसी घेऊन ७० लाखांचा विमा उतरवला असता, तर तूट साडेबारा टक्क्यांची ठरली असती आणि सरासरी लागली नसती. घरांसाठीच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत तर कमी विम्याबद्दल कपात करण्याची अटच काढून टाकलेली आहे. जुने प्रश्नसंच सोडवताना हा बदल ध्यानात ठेवावा.

नुकसानीची किंमत कोणती धरायची हाही याच तत्त्वाचा भाग आहे. व्यापाऱ्याने हळद क्विंटलला १२,००० रुपयांनी घेतली आणि दिवाळीनंतर ती १६,००० ला विकायचा त्याचा बेत होता, एवढ्यावर त्याला १६,००० मिळत नाहीत, कारण न झालेला नफा हे मालाचे नुकसान नव्हे. इमारत आणि यंत्रे यांच्यासाठी पुनर्स्थापना मूल्याची, म्हणजे घसारा न कापता नव्याची किंमत देण्याची सोय घेता येते, पण मालाच्या साठ्याला ती लागू होत नाही. याउलट ज्या वस्तूची बाजारात किंमतच ठरवता येत नाही, उदाहरणार्थ मिरजेच्या एखाद्या जुन्या कारागिराच्या हातची सतार, तिच्यासाठी आधीच मूल्य ठरवून तेवढ्याचा विमा उतरवतात. तिथे नुकसानभरपाईचे तत्त्व थोडे सैल होते. आयुर्विमा आणि वैयक्तिक अपघात विमा यांना ते लागूच होत नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत मोजून त्याला पूर्वस्थितीत आणता येत नाही.

हितसंबंध कुणाचा

दुसऱ्याच्या घराचा विमा मी उतरवला आणि ते घर जळाले, तर मला निव्वळ फायदा होईल. असा करार म्हणजे पैज, आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचे करार शून्य आहेत. म्हणून विमा उतरवणाऱ्याचे त्या वस्तूशी कायद्याने मान्य असे नाते हवे, की ती टिकली तर त्याचा लाभ आणि नष्ट झाली तर त्याची हानी. मालकाला असे नाते असतेच. शिवाय हळदीच्या तारणावर कॅश क्रेडिट देणाऱ्या बँकेला तिच्या कर्जापुरते असते, आणि दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्या कोल्ड स्टोरेजवाल्याला त्याच्या जबाबदारीपुरते असते.

हितसंबंध केव्हा असावा, हा परीक्षेचा आवडता प्रश्न आहे. आयुर्विम्यात तो पॉलिसी घेताना असला म्हणजे पुरे. आग विमा आणि मोटार विम्यात पॉलिसी घेताना आणि नुकसान होताना, दोन्ही वेळा लागतो. सागरी विम्यात, ज्यात ट्रकने किंवा रेल्वेने जाणाऱ्या मालाचाही समावेश होतो, तो नुकसानीच्या वेळी असावा लागतो, कारण माल वाटेत असतानाच खरेदीदार बदलू शकतो.

लेखी परीक्षेपेक्षा पुढच्या धंद्यात जास्त उपयोगी पडेल अशी एक बाब इथे सांगतो. १९२५ साली ब्रिटनमध्ये मकौरा नावाच्या जमीनमालकाचा खटला गाजला. त्याने आपल्या जमिनीवरील सगळे लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकले होते आणि कंपनीचे जवळपास सगळे शेअर त्याच्याच हातात होते. विमा मात्र त्याने स्वतःच्या नावाने उतरवला. लाकूड जळाले आणि दावा फेटाळला गेला, कारण लाकूड कंपनीचे होते आणि भागधारकाचा कंपनीच्या मालात विमायोग्य हितसंबंध नसतो. आपल्याकडे घरची पेढी प्रायव्हेट लिमिटेड होते, जीएसटीचा नंबर बदलतो, पाटी बदलते, आणि पॉलिसी मात्र जुन्याच नावाने नूतनीकरण होत राहते. एजंटाने दर नूतनीकरणाला विचारावा असा पहिला प्रश्न हाच आहे.

जुन्या गाडीचेही तसेच आहे. गाडी विकली की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचे, म्हणजे इतरांच्या नुकसानीचे, संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचे धरले जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही. नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. तो न करता गाडी ठोकली, तर विकणाऱ्याचा हितसंबंध संपलेला असतो आणि घेणाऱ्याचा कंपनीशी करारच झालेला नसतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी हप्त्यातील सवलत, विकणाऱ्याकडेच राहतो, कारण तो गाडीला दिलेला नसून विमाधारकाला दिलेला असतो.

सब्रोगेशन की कॉन्ट्रिब्युशन

या दोहोंत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून इथे थोडे थांबू.

भरधाव ट्रक गोदामाच्या भिंतीवर आदळला आणि तीन लाखांचे नुकसान झाले. गोदामवाल्याने आपल्या विमा कंपनीकडून तीन लाख घेतले. ट्रकमालकाकडून भरपाई मागण्याचाही त्याला कायद्याने हक्क आहे, पण तो वापरून त्याने आणखी तीन लाख घेतले तर त्याचा नफा होईल. म्हणून भरपाई दिल्यानंतर हा हक्क विमा कंपनीकडे जातो आणि दिलेल्या रकमेच्या मर्यादेत ती ट्रकमालकाकडून वसुली करते. हे सब्रोगेशन. १८८३ च्या कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यात घर विकण्याचा करार झाल्यावर ताबा देण्याआधी आग लागली. विकणाऱ्याने विमा कंपनीकडून ३३० पौंड घेतले आणि पुढे खरेदीदाराकडून घराची ठरलेली पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयाने त्याला विम्याचे पैसे परत करायला लावले.

यातली व्यवहारातील अडचण वेगळीच आहे. ट्रकमालक ओळखीचा निघतो, चहा होतो, आणि गोदामवाला ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून देतो. त्या एका कागदाने विमा कंपनीचा वसुलीचा हक्कच संपतो आणि पॉलिसीच्या अटींचा भंग झाला म्हणून गोदामवाल्याचा स्वतःचा दावाही अडचणीत येतो. भिंत उभी राहण्याआधी असे काही लिहून देऊ नये, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलेले बरे.

कॉन्ट्रिब्युशनमध्ये तिसरा कुणी दोषी नसतो, एकाच नुकसानीवर दोन पॉलिसी असतात. वरच्याच व्यापाऱ्याने एका कंपनीकडे ६० लाखांचा आणि दुसरीकडे २० लाखांचा विमा उतरवला असता, तर २० लाखांच्या नुकसानीत पहिलीने १५ आणि दुसरीने ५ लाख द्यायचे. मात्र त्यासाठी विमाधारक, मालमत्ता, नुकसानीचे कारण आणि हितसंबंध हे सगळे दोन्ही पॉलिसींत समान असावे लागते.

शेवटची अट कशी लागू होते ते पाहा. तासगावच्या बागायतदाराने बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवला. त्याने मालक म्हणून विमा उतरवला आणि कोल्ड स्टोरेजवाल्याने सांभाळणारा म्हणून. माल एकच आहे, आगही एकच आहे, तरी हे कॉन्ट्रिब्युशन नव्हे, कारण दोघांचे हितसंबंध निराळे आहेत. नेमका असाच वाद १८७७ मध्ये लंडनमधील धान्याच्या कोठारावरून झाला होता. न्यायालयाने ठरवले की मालकांच्या विमा कंपन्यांना वाटा उचलण्याची गरज नाही. धान्याची जबाबदारी कोठारवाल्यावर होती, तेव्हा भार त्याच्याच विमा कंपनीवर. थोडक्यात, हितसंबंध एक असेल तर कॉन्ट्रिब्युशन आणि वेगवेगळे असून एक पक्ष दुसऱ्याला जबाबदार असेल तर सब्रोगेशन. परीक्षेत पर्याय निवडताना ‘हितसंबंध कुणाचा’ एवढेच विचारले तरी उत्तर सापडते.

काय सांगायचे, काय नाही

विमा कंपनीला जोखमीची माहिती प्रस्ताव देणाऱ्याकडूनच मिळते, म्हणून सामान्य खरेदीविक्रीपेक्षा इथे अधिक प्रामाणिकपणा अपेक्षित असतो. १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी परम सद्भावाचे हे तत्त्व मांडले. विमा स्वीकारावा की नाही आणि कोणत्या दराने, या निर्णयावर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट महत्त्वाची बाब ठरते आणि ती न विचारताही सांगायची असते. मागील पुरात क्लेम घेतला होता, दुसऱ्या कंपनीने प्रस्ताव नाकारला होता, हळदीच्या गोदामातच कोपऱ्यात रसायनांचे ड्रम ठेवलेले असतात, या साऱ्या महत्त्वाच्या बाबी आहेत.

जोखीम कमी करणाऱ्या गोष्टी, सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी आणि कंपनीच्या माणसाने केलेल्या पाहणीत दिसायलाच हव्या होत्या अशा गोष्टी मात्र सांगण्याचे बंधन नसते. कृष्णेला पूर येतो हे सर्वज्ञात आहे, ते सांगावे लागणार नाही. पण २०१९ ला या गोदामात पाणी शिरले आणि अमुक रकमेचा क्लेम मिळाला, हे त्या गोदामाचे वैयक्तिक सत्य आहे आणि ते सांगावेच लागते. हे कर्तव्य दुहेरी आहे. काय वगळलेले आहे हे कंपनीने, आणि तिच्या वतीने एजंटाने, ग्राहकापासून लपवायचे नसते.

नुकसान नेमके कशाने झाले

कारणांची साखळी असेल, तेव्हा वेळेने सर्वांत जवळचे कारण न धरता परिणामाच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी कारण धरायचे, हा निकटतम कारणाचा नियम. पहिल्या महायुद्धातील एका जहाजाला पाणतीर लागला, ते बंदरापर्यंत कसेबसे पोहोचले आणि तिथे लाटांनी आदळून काही दिवसांनी बुडाले. लेलँड शिपिंगच्या या खटल्यात १९१८ साली ठरले की बुडण्याचे निकटतम कारण पाणतीरच, लाटा नव्हेत.

नियम लावण्यासाठी कारणांचे तीन गट करावे: पॉलिसीत समाविष्ट, स्पष्टपणे वगळलेली आणि उल्लेखच नसलेली. गोदामाला आग लागली आणि अग्निशामक दलाच्या पाण्याने न जळलेली पोतीही भिजली, तर तेही आगीचेच नुकसान धरले जाते. त्याच धावपळीत दोन पोती चोरीला गेली तर? प्रमाणित आग पॉलिसीत विमा उतरवलेल्या आपत्तीच्या दरम्यान किंवा नंतर होणारी चोरी वगळलेली आहे, म्हणून ती मिळणार नाहीत. भारत गृह रक्षामध्ये मात्र घटनेपासून सात दिवसांच्या आतील चोरी धरली जाते.

आता कोल्ड स्टोरेजकडे पुन्हा पाहू. पाणी इमारतीत शिरलेच नाही, पण पुरामुळे वीजकेंद्र बंद पडले, वीज गेली, आतील तापमान चढले आणि बेदाणा काळा पडला. साखळीच्या मुळाशी पूर आहे आणि पूर पॉलिसीत आहे, म्हणून क्लेम मिळेल असे विद्यार्थी लिहितात. तरीही मिळत नाही, कारण कोल्ड स्टोरेजमधील मालाचे तापमानबदलामुळे होणारे नुकसान मूळ आग पॉलिसीत नावानिशी वगळलेले आहे आणि स्पष्ट वगळणुकीपुढे साखळीचा युक्तिवाद टिकत नाही. यासाठी स्वतंत्र जादा संरक्षण विकत घ्यावे लागते. एक प्रकार वीजपुरवठा खंडित होण्यासाठी आणि दुसरा आपल्याच आवारातील शीतयंत्रणा बिघडण्यासाठी. याहून वाईट गोष्ट अशी की, हप्ता कमी करण्यासाठी वादळ आणि पूर यांचे संरक्षण आग पॉलिसीतून काढून टाकण्याची सोयही प्रमाणित पॉलिसीत होती. सांगलीच्या नदीकाठी ती सवलत सुचवणे म्हणजे ग्राहकाचा घात करणे आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मोटारीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तळघरातील पार्किंगमध्ये गाडी बुडाली आणि पाणी ओसरल्यावर मालकाने उत्सुकतेने स्टार्टर मारला. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आतील चिखल काढणे, वायरिंग, सीट यांचा खर्च पुराचा म्हणून मिळतो. इंजिनाचे नुकसान मात्र विमा कंपन्या सुरू करण्याच्या कृतीचा परिणाम मानतात आणि इंजिनाचे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर नाकारतात. बुडालेली गाडी सुरू न करता टो करून न्यावी.

दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी

आतापर्यंतचा सगळा विमा स्वतःच्या वस्तूचा होता. दायित्व विम्यात आपल्या चुकीने दुसऱ्याचे जे नुकसान होते, ते भरून देण्याची आपली कायदेशीर जबाबदारी विमा कंपनी उचलते. विमाधारक पहिला पक्ष, कंपनी दुसरा, आणि ज्याचे नुकसान झाले तो तिसरा, म्हणून थर्ड पार्टी. निष्काळजीपणा सिद्ध होण्यासाठी काळजी घेण्याचे कर्तव्य, त्याचा भंग आणि त्यातून झालेली हानी या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात.

रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाला थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. मृत्यू किंवा इजेसाठी कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही; मालमत्तेच्या नुकसानीसाठी चारचाकीला साडेसात लाख रुपयांची आहे. वर भिंतीवर आदळलेल्या ट्रककडून होणारी वसुली याच मर्यादेत त्याच्या विमा कंपनीकडून होईल आणि त्यापुढची रक्कम ट्रकमालकावर पडेल. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. त्यात चूक सिद्ध करण्याची गरज नाही, अपघात झाला की मदत देय होते. डॉक्टरांच्या व्यावसायिक दायित्व विम्यात तारखेचा प्रश्न येतो. शस्त्रक्रिया एका वर्षी होते आणि तक्रार तीन वर्षांनी येते. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हा प्रश्न काल्पनिक नाही. अशा पॉलिसी बहुधा दावा येण्याच्या तारखेवर चालतात. दावा येईल तेव्हा पॉलिसी चालू असली पाहिजे आणि मूळ घटना पॉलिसीत नमूद पूर्वलक्षी तारखेनंतरची असली पाहिजे. म्हणून मधले एक वर्ष नूतनीकरण चुकले, तर आधीची सगळी वर्षे उघडी पडू शकतात.

हप्ता आणि एजंट

पेठेतला व्यवहार उधारीवर चालतो, विम्याचा नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. ‘पुढच्या बाजारच्या दिवशी देतो, तोवर पॉलिसी करून ठेवा’ हे वाक्य एजंटाने हसून टाळायचे असते. त्याच कायद्याचे कलम ४१ कमिशनातील काही भाग ग्राहकाला परत देण्यास मनाई करते. दंड दहा लाख रुपयांपर्यंत आहे. कलम ६४ व्हीबी मध्ये आणखी एक तरतूद आहे आणि ती प्रश्नपत्रिकेत वारंवार डोकावते: एजंटाने कंपनीच्या वतीने घेतलेला हप्ता, बँक आणि टपाल खात्याच्या सुट्ट्या वगळून, चोवीस तासांच्या आत कंपनीकडे जमा करायचा, आणि तोही आपले कमिशन न कापता पूर्ण.